मामांच्या रेझरला गिरणीतल्या कांडीची मूठ

घर बदलण्याचे दिवस आले की जुन्या पेट्या उघडतात. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींत सध्या हेच चालले आहे. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चाळींचा पुनर्विकास होत आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या काही कुटुंबांना नव्या घराच्या किल्ल्याही मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु नव्या घरात जाताना माळ्यावरचे, पेटीतले, कपाटाच्या खालच्या कप्प्यातले किती सामान भंगारवाल्याच्या तराजूत जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पितळेचा तांब्या, घासलेटचा स्टोव्ह, गिरणीचा बिल्ला, जेवणाचा डबा आणि दाढीचा रेझर. वाचक बंधू-भगिनींनो, आज यातल्या शेवटच्या वस्तूविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

रेझरसारख्या क्षुल्लक वस्तूवर एवढे काय लिहायचे, असे कोणाला वाटेल. पण आपल्या समाजाच्या घरात ही वस्तू क्षुल्लक नव्हती.

न्हावी होता, पण आपल्यासाठी नव्हता

बाबासाहेबांनी आपल्या काही कडवट आठवणी लिहून ठेवल्या होत्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. त्यात ते सांगतात की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, त्यांना पैसे देण्याची घरची ऐपतही होती. पण केस कापण्याचे काम घरी थोरल्या बहिणीला करावे लागे, कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला न्हावी तयार नव्हता. सुभेदाराच्या घरची ही कथा, तर गावकुसाबाहेरच्या मजुराची काय असेल! गावोगाव आपल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांच्या दाढ्या केल्या, एकमेकांचे केस कापले. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अशा नकाराला शिक्षा ठेवली.

यात नाभिक बांधवांना दोष देऊन भागणार नाही. तेही त्याच उतरंडीत दाबलेले होते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनीच विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता, हे विसरता येणार नाही. आणि भगवान बुद्धांच्या संघातील उपाली हे कपिलवस्तूचे न्हावीच होते. शाक्य राजपुत्रांनी स्वतः विनंती करून उपालींना आपल्या आधी प्रव्रज्या देववली, म्हणजे पुढे आपल्याला त्यांना वंदन करावे लागेल आणि कुळाचा अभिमान गळून पडेल. पुढे राजगृहाच्या संगीतीत विनयाचे पठण याच उपालींनी केले. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांबरोबर वस्तराही असतो. तेव्हा हे हत्यार हलके नाही आणि त्याला लागणारा हातही हलका नाही.

घरातला रेझर आला कुठून?

उघड्या वस्तऱ्याला कसब लागते. तो नीट धरता आला नाही तर गळ्याला इजा होते, आणि धार लावणेही सर्वांना जमत नाही. ही अडचण किंग कँप जिलेट या अमेरिकन विक्रेत्याने ओळखली. बोथट झाले की टाकून द्यायचे पातळ दुधारी पाते आणि ते धरणारा रेझर, अशी त्याची कल्पना. पोलाद एवढे पातळ करून त्याला धार आणणे शक्य नाही असे जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते करून दाखवले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि घरी स्वतः दाढी करण्याची सवय जगभर पसरली.

आपल्याकडेही फौज, रेल्वे, गोदी आणि गिरणी यांच्या वाटेने रेझर घरात आला. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली. फौजेतली दाढीची शिस्त अंगात भिनलेली माणसे पेन्शनीत आल्यावरही पहाटे आरसा खिडकीला टांगून बसत. ज्याच्या घरी रेझर, त्याला कोणाच्या दारात 'दाढी कराल का?' म्हणून उभे राहावे लागत नव्हते. म्हणून म्हणतो, ही वस्तू भंगाराची नाही.

मामांचा रेझर

आमचे मामा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. ते जाऊन बरीच वर्षे झाली. घर हलवताना मामींनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा दाढीच्या सामानात तीन भागांचा पितळी रेझर निघाला. वरची टोपी आणि खालची दात्यांची पट्टी शाबूत होती. दांडी मात्र उभी चिरलेली. पोकळ पितळी दांड्यांचे हे नेहमीचे दुखणे आहे. वर्षानुवर्षे जोर लावून आवळल्याने आट्यापाशी बारीक चीर जाते, मग आटा घसरू लागतो आणि टोपी नीट आवळत नाही.

मामी म्हणाल्या, "बाळा, पितळेच्या भावात गेलं तर जाऊ दे. तुटक्या वस्तूचं काय लोणचं घालायचंय?"

त्याच पेटीत दोन लाकडी कांड्या होत्या. कांडी म्हणजे साच्याच्या धोट्यात बसते ती सुताची लाकडी नळी. गिरणी कामगाराच्या घरात अशा कांड्या सापडतातच. कोणी त्यावर सुतळी गुंडाळून ठेवते, कोणी पोरांना खेळायला देते. पण या कांडीमागे आपला एक इतिहास आहे, तो नव्या पिढीला ठाऊक हवा.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे पूर्वी बहुतेक रिंग खात्यात असत, जिथे पगार कमी. साचा खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून स्पृश्य कामगारांचा विरोध. लाल बावट्याखाली एकत्र आलेले कामगारही या ठिकाणी जात सोडायला तयार नव्हते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला, की साचा खाते आमच्या लोकांना खुले झाले पाहिजे. आमचे आजोबा रिंग खात्यातच निवृत्त झाले. मामा मात्र १९६० नंतर साच्यावर उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात त्यांचीही नोकरी गेली; राहिल्या त्या दोन कांड्या.

आम्ही मामींना म्हटले, "मामी, पितळ विकायचे नाही. या कांडीचीच दांडी करू." मामी थोडा वेळ गप्प बसल्या, मग त्यांनी कांडी स्वतःच्या हाताने पुसून दिली.

आधी सफाई

आता काम कसे केले ते क्रमाने सांगतो, म्हणजे कोणाच्या घरी असा रेझर असेल त्याला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, धातू ओळखा. जिथे मुलामा झिजला आहे तिथे पिवळे दिसले तर पितळ. राखाडी दिसले आणि लोहचुंबक चिकटत नसेल तर ती जस्ताची मिश्रधातू असण्याची शक्यता जास्त. वजनाला अगदी हलके असेल तर ॲल्युमिनियम. दांडी काळ्या-तपकिरी बॅकेलाइटची असेल तर तिला कढत पाणी लावू नका, ती तडकते.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून भाग सुटे करून अर्धा तास भिजत ठेवा. मग जुन्या दात घासायच्या ब्रशाने दात्यांच्या फटी आणि आटे साफ करा. बहुतेक काळपटपणा हा धातूचा नसतो, वर्षानुवर्षांच्या साबणाचा थर असतो. तो एवढ्यानेच निघतो. पितळेवर हिरवा कळंक असेल तर लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी पातळ करून पाच मिनिटे लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. आपल्या आया-बहिणी पितळी भांडी चिंचेनेच लख्ख करत आल्या, तेच ज्ञान इथे कामी येते. मात्र जस्ताच्या मिश्रधातूला आंबट लावू नये आणि ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये. दोन्ही धातू खाल्ले जातात.

पितळ चमकवण्याचे पॉलिश मऊ फडक्याने हलक्या हाताने फिरवा. निकेलचा मुलामा पातळ असतो आणि सोनेरी असेल तर त्याहून पातळ. जोर लावला तर मुलामाच निघून येतो. झिजलेला मुलामा झिजलेलाच राहू द्यायला हरकत नाही. त्यावर मामांच्या बोटांची खूण आहे.

दाते वाकले असतील तर लाकडाच्या तुकड्यावर ठेवून दुसऱ्या लाकडाने एकदाच, हळूच दाबून सरळ करावेत. पुन:पुन्हा वाकवले तर पितळ तुटते. टोपी किंवा पट्टीला कानस लावायची नाही. पाते आणि पट्टी यांतले अंतर केसाएवढे असते. ते बिघडले की रेझर गालाला सोलून काढतो. शेवटी सर्व भाग सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटे बुडवून वाळवावेत.

मग दांडी

या कामात आमच्या मेव्हण्यांची मदत झाली. ते टर्नर आहेत. त्यांनी आधी टोपीचा स्क्रू मोजायला घेतला. आज मिळणाऱ्या बहुतेक रेझरांचा आटा एम-५ असतो, म्हणजे व्यास ५ मि.मी. आणि दोन आट्यांतले अंतर ०.८ मि.मी. जुन्या अमेरिकन-इंग्रजी बनावटीच्या अनेक रेझरांना इंचाला ३२ आट्यांचा, ४.८ मि.मी. व्यासाचा स्क्रू असतो. दोन्ही इतके जवळ आहेत की एकाचा स्क्रू दुसऱ्यात बऱ्याचदा बसतो. काही फार जुन्या रेझरांचा आटा याहून जाड असतो. म्हणून अंदाजाने काही करू नये. टोपी खिशात घालून लेथवाल्याकडे जावे आणि बसवून पाहावे. मामांच्या टोपीला एम-५ चा आटा नीट बसला.

मेव्हण्यांनी ८ मि.मी. जाडीच्या पितळी सळीचा ३० मि.मी. तुकडा घेतला, त्याला ४.२ मि.मी. चे भोक १८ मि.मी. खोल पाडले आणि त्यात टॅपने आटे पाडले. बाहेरच्या अंगावर करवतीच्या पात्याने चरे ओढले, म्हणजे गोंद धरतो.

कांडीचा जो भाग सरळ आणि जाड होता तिथून ८५ मि.मी. चा तुकडा कापला. रेझरच्या दांडीला साधारण ७५ ते ९० मि.मी. लांबी पुरते. कांडीला मधून भोक असतेच. ते ८ मि.मी. पेक्षा किंचित मोठे आणि सरळ करून घेतले. बाहेरून जाडी १४ मि.मी. ठेवली, ओला हात घसरू नये म्हणून मधे तीन बारीक खाचा पाडल्या. जुन्या कांडीवर रंग-लाखेचा थर असतो, म्हणून घासताना तोंडाला फडके बांधले आणि पॉलिशपेपर पाणी लावून वापरला. धूळ उडू देऊ नये, लहान मुलांना जवळ बसवू नये.

पितळी तुकडा दोन भागांच्या एपॉक्सी गोंदाने चिकटवला. साधा लाकडी कामाचा पांढरा गोंद इथे चालत नाही, पाण्याने सुटतो. गोंद आट्यात शिरू नये म्हणून एका स्क्रूला मेण लावून तो आधी आट्यात बसवून ठेवला होता. दोन गोष्टी या ठिकाणी महत्त्वाच्या आहेत. एक, पितळेचे तोंड लाकडाच्या अर्धा मि.मी. पुढे राहिले पाहिजे, म्हणजे आवळल्याचा जोर पितळेवर येतो आणि लाकूड फुगले तरी रेझर वाकडा होत नाही. दुसरी, ते तोंड अगदी गुण्यात पाहिजे. तिरपे असेल तर पट्टी तिरपी बसते. खालच्या टोकाचे भोक पितळेच्या लहान गुट्ट्याने बंद केले, त्यामुळे दांडीला थोडे वजनही आले. मग चोवीस तास हात लावला नाही.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, एकूण चार, प्रत्येक हातानंतर पूर्ण सुकू दिले. एक धोका सांगून ठेवतो. जवसाच्या तेलाचे बोळा करून टाकलेले फडके आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते पाण्यात भिजवून मगच टाकावे, किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवावे. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत ही काळजी घ्यायलाच हवी.

पाते घालण्याआधी

प्रथम पाते न घालता रेझर आवळून पाहा. कुठे हलतो का? आटा अडतो का? मग पाते घाला आणि आवळताना टोपी पात्याच्या आखूड बाजूंनी धरा, धारेकडून नव्हे. आता डोळ्यासमोर आडवा धरून पाहा; दोन्ही बाजूंना पाते सारखेच बाहेर आले पाहिजे. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसले तर सैल करून पुन्हा बसवा. टोपीच्या गोलाईवर पाते वाकून ताठ होते आणि म्हणूनच थरथरत नाही. रेझरची सारी कला या वाकवण्यात आहे.

दाढी करताना गाल कोमट पाण्याने चांगला भिजवा. दांडी गालापासून साधारण ३० अंशांच्या कोनात ठेवा आणि रेझरचे वजनच काम करू द्या, दाब देऊ नका. काम झाल्यावर धुऊन, झटकून, दांडी कोरड्या जागी ठेवा. लाकडी मूठ पाण्याच्या मगात उभी सोडू नये.

दुधारी पाते आजही काही रुपयांत मिळते आणि चार-पाच दाढ्या देते. वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या रेझरपेक्षा ते महिन्याच्या हिशेबाला परवडते आणि कचराही कमी.

दोन गोष्टी सर्वांत मोठ्या

पहिली: रेझर वारशाने घ्यावा, पाते कधीही कोणाचे घेऊ नये. बाप-लेकांनी, भावाभावांनीसुद्धा एक पाते वापरू नये. डोळ्याला न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच.आय.व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. बाहेर दाढी करत असाल तर नवे पाते आपल्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा. त्यात संकोच कसला?

दुसरी: वापरलेले पाते कचऱ्यात सुटे टाकू नका. तो कचरा सकाळी कोणाच्या हाताने उचलला जातो? महानगरपालिकेच्या गाडीवर, कंत्राटदाराच्या कामावर, कचराकुंडीत वेचायला कोण असते? बहुधा आपलाच भाऊ, आपलीच बहीण. हातमोजे मिळाले तर मिळाले. एका पात्याने बोट कापले तर दिवसाची मजुरी बुडते आणि जखम चिघळली तर महिनाही जातो. म्हणून पावडरीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला वरून चीर पाडा, झाकण पक्के बसवा आणि वापरलेली पाती त्यात टाका. असा डबा भरायला वर्षे लागतात. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत 'धारदार पाती' लिहा आणि सफाई कामगाराच्या हाती सांगून द्या.

चिठ्ठी लिहून ठेवा

मामांचा रेझर आता त्यांचा नातू वापरतो. त्याला मिसरूड फुटली तेव्हा मामींनीच तो त्याच्या हाती दिला. पोराने पहिल्यांदा विचारले ते असे, "आजी, ही मूठ कसली?" मग मामींनी त्याला धोटा, कांडी, साचा खाते आणि १९८२ चा संप हे सर्व सांगितले. वर्गात जे शिकवले नव्हते ते एका मुठीने शिकवले.

आपल्या घराण्यांच्या बखरी कोणी लिहिल्या नाहीत. जमिनीची खतपत्रे आपल्याकडे नाहीत, वाडे नाहीत, तैलचित्रे नाहीत. आहेत ती हत्यारे, डबे, बिल्ले आणि कामाच्या वस्तू. त्याच आपली कागदपत्रे आहेत. म्हणून घर बदलताना, झाडलोट करताना एवढे करा: ज्या वस्तूवर घरच्या माणसाचा हात फिरला आहे ती तराजूत टाकण्याआधी एकदा हातात घ्या. दुरुस्त होत असेल तर करा. आपल्या वस्तीत टर्नर, फिटर, सुतार यांची वाण नाही, आणि पोरांना सोबत बसवले तर त्यांनाही हाताचे काम कळेल. दुरुस्त होत नसेल तर नुसती स्वच्छ करून ठेवा. आणि त्यासोबत एका कागदावर माणसाचे नाव, गाव, कोणत्या गिरणीत की रेल्वेत की पलटणीत होते ते, आणि साल, एवढे लिहून ठेवा. चार ओळी पुरतात. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्याविषयी लिहिणे हे आता लिहिता येणाऱ्यांचे काम आहे.